बोट जुळत नाही, प्रिंटर हलत नाही

(मोहल्ल्यातल्या फॉर्म-मदत केंद्रांवर बसणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला सांगण्यात आलं की कॉम्प्युटरवर बोला. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांवर मी फार बोलणार नाही, कारण आपल्या केंद्रांवर तो डबा क्वचितच बिघडतो. बिघडतं ते त्याला जोडलेलं सामान: कीबोर्ड, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस असतो, बाहेर बाकावर बारा माणसं बसलेली असतात आणि आत प्रिंटर लाल दिवा लावून गप्प. मग कोणीतरी फोन करतो, मेकॅनिक येतो, "ड्रायव्हर उडाला" म्हणतो, पाच मिनिटांत काहीतरी करून पैसे घेऊन जातो. त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने नेमकं काय केलं हे खोलीत कोणालाच कळलेलं नसतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दरम्यान ज्या मुलीचा फॉर्म राहिला, तिचं वर्ष जातं. हे काम आपल्याला स्वतःला यायला हवं म्हणून आज बोलतोय.

बाहेरून जोडलेलं कुठलंही यंत्र घ्या, त्याच्यापर्यंत एक साखळी जाते. आधी वीज. मग वायर आणि तिचं टोक. मग ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राची भाषा विंडोजला समजावणारा दुभाषी. आणि शेवटी तो प्रोग्राम, ज्यातून तुम्ही काम करताय. बिघाड या चारपैकी एका कडीत असतो. आपली सवय अशी की चारही एकदम हलवायच्या: वायर काढली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, आणि चालू झालं तर कशामुळे झालं ते कोणालाच माहीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर बदलली तर बाकी काही करू नका, तपासा, मगच पुढे चला. ऐकायला संथ वाटतं, पण गर्दीच्या दिवशी हीच पद्धत सर्वांत लवकर उत्तर देते.

कीबोर्डपासून सुरुवात करू, कारण त्यात ही साखळी स्पष्ट दिसते. कीबोर्डच्या आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. तुम्ही बटण दाबता तेव्हा एक आडवी आणि एक उभी तार जोडली जाते आणि आतली छोटी चिप ओळखते की अमुक नंबरचं बटण दाबलं गेलं. तो नंबर कॉम्प्युटरकडे जातो. लक्षात घ्या, अक्षर जात नाही, नंबर जातो. शिवाय यूएसबी कीबोर्ड आपणहून काही पाठवत नाही. कॉम्प्युटरच त्याला सेकंदाला शंभरावर वेळा विचारत असतो, काही दाबलंय का, काही दाबलंय का.

आता कीबोर्ड चालत नाही असं वाटलं तर नमलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का पाहा. हा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. बटणाचा निरोप कॉम्प्युटरकडे जातो, कॉम्प्युटर उलट निरोप पाठवतो की दिवा लाव, तेव्हा तो लागतो. म्हणजे दिवा बदलला तर वीज, वायर, दुभाषी तिन्ही ठीक आहेत आणि अडकलाय तो तुमचा प्रोग्राम. दिवा बदलतच नसेल तर कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. कॉम्प्युटर हँग झालाय की कीबोर्ड मेलाय, हा प्रश्न एका बटणात सुटतो.

अक्षर न जाता नंबर जातो, याचा आपल्याला मोठा फायदा आहे. त्याच कीबोर्डवर मराठीही चालतं, उर्दूही चालतं. अक्षर कोणतं उमटवायचं ते विंडोजमधला लेआउट ठरवतो. मराठी इन्स्क्रिप्ट लावला की 'के'च्या बटणावर क येतो, उर्दूचा फोनेटिक लेआउट लावला तर त्याच बटणावर काफ. विंडोजचं बटण दाबून स्पेस दाबलं की लेआउट बदलतो. केंद्रावर "कीबोर्ड खराब झाला, भलतंच उमटतंय" अशी जी तक्रार येते, तिच्यात बहुतेक वेळा कोणीतरी नकळत लेआउट बदललेला असतो. आणि जाता जाता एक सांगतो: इन्स्क्रिप्ट शिका. भारत सरकारने प्रमाण मानलेला हा लेआउट आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ळ हवा असेल तर शिफ्ट धरून 'एन'. मराठीत नीट टाइप करणारा मुलगा किंवा मुलगी अर्ज, निवेदनं, माहिती अधिकाराचे अर्ज स्वतः लिहू शकते, त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

माउसबद्दल थोडंच. आजच्या माउसच्या पोटात एक दिवा आणि अगदी छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारापेक्षा जास्त फोटो घेतो आणि आधीच्या फोटोशी ताडून माउस कुठे सरकला ते ठरवतो. म्हणून काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायकावर तो उड्या मारतो. फोटोत खुणाच दिसत नाहीत. खाली एक वही ठेवा. बिनवायरचा माउस अडखळत असेल आणि त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी असेल, तर तो दूरच्या पोर्टला लावा. निळ्या पोर्टवर पेनड्राइव्ह चालू असताना त्यातून होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि माउसही तिथेच बोलत असतो.

आता वीज. यूएसबी पोर्ट ५ व्होल्ट देतो. साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ असेल तर ९००. कीबोर्डला यातलं थोडंसंच लागतं, पण बाहेरची हार्डडिस्क किंवा विजेची वेगळी पिन नसलेला स्कॅनर जास्त ओढतो. स्वस्तातला चार तोंडांचा हब लावून त्यात स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, पेनड्राइव्ह, माउस सगळं खोचलं की एकाच पोर्टची वीज चौघांत वाटली जाते आणि मग यंत्र जोडलं जातं, तुटतं, पुन्हा जोडलं जातं. "टिडिंग" असा आवाज सारखा येत असेल तर दुसरं काही करण्याआधी हब बाजूला काढा आणि यंत्र डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्या पोर्टपर्यंत आतून एक बारीक वायर आलेली असते, ती सैल झाली की गोंधळ सुरू.

तिसरी कडी ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर उघडलं आणि यंत्राच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसला तर समजा, वीज आणि वायर ठीक आहेत. कॉम्प्युटरला यंत्र दिसतंय, फक्त त्याची भाषा समजत नाही. यंत्राचं नावही दिसत नसेल तर दोष आधीच्या दोन कड्यांत आहे, तिथे ड्रायव्हर शोधत बसू नका. ड्रायव्हर घ्यायचा तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. गुगलवर वर येणाऱ्या "सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर" छापाच्या साइट अनेकदा दुसरंच काहीतरी कॉम्प्युटरमध्ये घालतात, आणि आपल्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं असतात.

ड्रायव्हर हा विषय किरकोळ वाटतो, पण यावरून इतिहास घडलाय. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करत होता. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्याने बदलून घेतला होता. कागद अडकला की ज्यांचं छापणं थांबलंय त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्राम कोणी द्यायला तयार नव्हतं, त्यामुळे ही छोटी सोय करता येईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्याच्याकडे तो होता, त्यानेही नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, तिच्यामागच्या कारणांत तो हा अडकलेला प्रिंटर सांगतो. त्या चळवळीच्या कामावर उभी राहिलेली लिनक्स तुम्हाला आजही उपयोगी पडेल: पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि तेच यंत्र लावून पाहा. तिथे चाललं तर यंत्र चांगलं आहे, दोष विंडोजमध्ये आहे.

आता प्रिंटर, म्हणजे आपली खरी डोकेदुखी. पहिली गोष्ट, यूएसबीची वायर काढा आणि प्रिंटरवरच्या बटणाने त्याचं स्वतःचं टेस्ट पान काढा. बहुतेक प्रिंटरना ही सोय असते. कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते त्याच्या पुस्तिकेत असतं, आजच शोधून प्रिंटरवर चिकटवून ठेवा. टेस्ट पान नीट आलं तर प्रिंटर निर्दोष, कॉम्प्युटरकडे वळा. नाही आलं तर कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही. निम्मा वेळ इथेच वाचतो.

कॉम्प्युटरकडे वळलात तर आधी रांग पाहा. तुम्ही प्रिंट म्हणता तेव्हा काम थेट प्रिंटरकडे जात नाही, ते स्पूलर नावाच्या सेवेच्या रांगेत जाऊन बसतं. पहिलंच काम खराब असेल तर मागची सगळी अडतात, आणि घाबरून लोक पुन्हा पुन्हा प्रिंट दाबत राहतात. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा, स्पूलर पुन्हा सुरू करा. तो फोल्डर पुसायचा नाही, फक्त आतल्या फायली. यानेही नाही झालं तर "प्रिंटर ऑफलाइन वापरा" यावर टिक पडली आहे का पाहा. आणि यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसत असतील, दुसऱ्यापुढे "कॉपी १" असं लिहिलेलं, तर कोणीतरी वायर दुसऱ्या पोर्टला लावली आहे. विंडोजने त्याला नवा प्रिंटर समजून नवं नाव दिलं आणि तुम्ही जुन्या नावावर छापताय. प्रिंटरचा पोर्ट ठरवा, त्यावर पट्टी लावा, बदलू नका.

दोष प्रिंटरमध्येच असेल तर लेझर प्रिंटर कसा छापतो ते माहीत हवं. आत एक ड्रम असतो. त्याच्यावर आधी सगळीकडे विजेचा भार चढवतात. लेझरचा किरण जिथे अक्षर हवं तिथला भार उतरवतो. टोनर, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक भुकटी, तेवढ्याच जागी चिकटते. ती कागदावर येते आणि शेवटी फ्यूजर नावाचा गरम रूळ, २०० अंशांच्या जवळ तापलेला, ती कागदात वितळवून बसवतो. एवढं समजलं की पान स्वतःच बोलायला लागतं. बोट फिरवल्यावर अक्षर पुसलं जातंय? भुकटी आली पण वितळली नाही, फ्यूजर पाहा, किंवा कागद जाड आणि सेटिंग साध्या कागदाचं आहे का ते पाहा. तोच काळा ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय? काहीतरी गोल फिरतंय आणि त्याला खोच पडलीय, बहुधा ड्रमला. पान फिकट, एका बाजूला जास्त? टोनर संपत आलाय. काडतूस आडवं धरून हळू हलवा, दहा-वीस पानं निघतात, शेवटच्या दिवशी तेवढी पुरतात. अख्खं पान काळंकुट्ट? ड्रमवर भार चढतच नाही, नवं काडतूस लावून पाहा. भुकटी सांडली तर गरम पाण्याने पुसू नका, ती कपड्यात बसेल. गार पाणी, ओला फडका.

कागद अडकला तर तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. उलटा ओढला की फाटतो आणि नखाएवढा तुकडा आत राहतो. कागद कुठे पोहोचला हे कळण्यासाठी वाटेत प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या असतात, त्या दबल्या की प्रिंटरला वाटतं इथे कागद आहे. तो तुकडा एखादी पट्टी दाबून धरतो, आणि आत कागद नसतानाही प्रिंटर "पेपर जॅम" म्हणत राहतो. टॉर्च घेऊन बघा, सापडतो. कागद ओढलाच जात नसेल किंवा दोन-दोन जात असतील तर कागद उचलणारा रबरी रूळ धुळीने गुळगुळीत झालाय, ओलसर फडक्याने पुसा. आणि कोकणात, मुंबईत, भिवंडीत पावसाळ्यात रिमचं वेष्टन उघडून कागद तसाच ठेवू नका. चार दिवसांत तो ओलावतो, वाकतो आणि अडकतो. लागतील तेवढी पानं काढा, बाकी बंद.

शाईचा प्रिंटर असेल तर त्याचं दुखणं उलटं आहे, तो न वापरल्याने बिघडतो. शाई सोडणारी भोकं केसापेक्षा बारीक असतात, शाई सुकली की बंद होतात. आठवड्याला एक रंगीत पान काढा. हेड क्लीनिंग सारखं सारखं करू नका, त्यात शाईच जाते.

स्कॅनरबद्दल एकच. "अपलोड होत नाही" म्हणजे स्कॅनर बिघडला असं नाही. ए४ पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे आकुंचन होण्याआधी २६ एमबी. तेच १५० वर केलं तर एक चतुर्थांश, आणि ग्रेस्केल केलं तर त्याच्याही एक तृतीयांश. फॉर्म किती केबी मागतोय ते आधी वाचा आणि त्या हिशेबाने स्कॅन करा. मोठी फाइल काढून ती नेटवरच्या कुठल्यातरी साइटवर लहान करायला टाकू नका. त्यात कोणाचा तरी दाखला असतो.

आणि आता ज्यासाठी मी मुद्दाम आलो ते, अंगठ्याचं मशीन. पेन्शनचा जीवन प्रमाण दाखला, बँकेतून पैसे काढणं, रेशन, आधार जुळवणी, सगळं यावर अडतं. आपल्याकडे प्रिंटमध्ये आणि कागदावर ज्यांचं काम अडतं ते बहुधा तरुण असतात, इथे अडतात ते म्हातारे.

बहुतेक मशीनमध्ये काचेच्या खाली दिवा आणि कॅमेरा असतो. बोटावरच्या उंच रेषा जिथे काचेला टेकतात तिथे प्रकाश वेगळा वागतो, जिथे खाच आहे तिथे वेगळा, आणि त्या फरकातून ठसा दिसतो. म्हणजे मशीनला दोन गोष्टी हव्यात, रेषा आणि त्यांचा काचेला नीट स्पर्श. आता पन्नास वर्षं विड्या वळलेल्या खालांची बोटं आठवा. लूमवर सूत बांधणाऱ्या चाचांची, बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्याची. रेषा झिजलेल्या असतात, कातडी कोरडी असते. मशीन त्यांना नाकारतं आणि काउंटरवरचा मुलगा ओरडतो, "खाला, नीट दाबा ना!" खाला नीटच दाबतायत.

तुम्ही काय करायचं? काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आधीच्या माणसाचा घाम तिथे असतो. खिडकीतलं ऊन थेट काचेवर येत असेल तर मशीन वळवा. बोट कोरडं असेल तर ओल्या फडक्याला टेकवून पुसून घ्या. बोट टोकावर उभं नाही, सपाट ठेवायचं, आणि फार जोर नाही. जोराने रेषा चपट्या होतात. अंगठाच पाहिजे असं काही नाही, दहाही बोटं नोंदलेली असतात. तर्जनी, मधलं, डावा हात, सगळं करून पाहा, आणि जे चाललं ते त्यांच्या कार्डाच्या झेरॉक्सवर लिहून द्या म्हणजे पुढच्या वेळी त्रास नको.

स्क्रीनवर काय आलं ते वाचा. मशीनने ठसा घेतलाच नाही, हा एक प्रकार. त्यात दोष वीज, वायर किंवा आरडी सर्व्हिसचा असतो. आरडी सर्व्हिस हा मशीनचा दुभाषीच आहे, तो मागे चालू असावा लागतो. बंद असेल तर सर्व्हिसेसमधून चालू करा. दुसरा प्रकार, ठसा घेतला पण आधारने नाकारला. कोड ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, बोट बदला. ३३० म्हणजे त्या माणसाने, किंवा घरातल्या कोणी, बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. तिथे कितीही बोटं दाबली तरी उपयोग नाही, आधी लॉक उघडायला हवं. आणि कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल संपला की रोज सकाळी तारीख मागे जाते. ठशासोबत वेळही पाठवली जाते, ती चुकीची असेल तर आधार नाकारतो, साइटही उघडत नाहीत. तो सेल किरकोळ किमतीत मिळतो, आणि त्याच्यापायी मशीन दुरुस्तीला पाठवलेलं मी पाहिलंय.

सगळं करूनही जुळलं नाही तर बुबुळ, चेहरा किंवा मोबाइलवर ओटीपी, जिथे जे चालतं ते वापरा. २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की ठसा जुळला नाही म्हणून हक्काच्या माणसाला लाभ नाकारला जाऊ नये. रेशनच्या दुकानात कोणी परत पाठवत असेल तर तुम्ही सोबत जा, आणि नकार लेखी मागा. अगदी म्हाताऱ्या माणसांना जवळच्या आधार केंद्रावर नेऊन ठसे ताजे करून घ्या, बहुतेकांचे पहिल्या नोंदणीनंतर घेतलेलेच नसतात.

शेवटी केंद्राच्या ड्रॉवरबद्दल. एक जास्तीची यूएसबीची प्रिंटर वायर, एक साधा वायरवाला माउस आणि कीबोर्ड, एक सीआर २०३२, मऊ फडका, टॉर्च, लिनक्सचा पेनड्राइव्ह. आणि एक वही. तारीख, यंत्र, काय दिसलं, काय बदललं, चाललं की नाही, एवढंच लिहायचं, ज्याने दुरुस्त केलं त्याने. संध्याकाळी बंद करताना डाउनलोड आणि स्कॅनचे फोल्डर रिकामे करायचे, रिसायकल बिनसकट. मेकॅनिकला बोलवावं लागलंच तर वही त्याच्यापुढे ठेवा आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून लिहून घ्या. त्यांना राग येत नाही, उलट बरेच जण हौसेने दाखवतात.

आता प्रश्न घेऊ.